इतिहासाच्या छात्राध्यापकांची कथनं: लिहून कशी घ्यावीत, वाचावीत कशी

बी.एड.ला इतिहासाची पद्धती घेतलेल्या मुलामुलींना, पहिलं व्याख्यान होण्याआधीच, दोन कोरे कागद द्यावेत आणि महाराष्ट्राचा इतिहास लिहायला सांगावा. एरवी आपण त्यांना जोखतो ते पाठ टाचणावरून. टाचणात उद्दिष्टं असतात, अध्ययन अनुभव असतात, फलक लेखन असतं, आणि त्यातलं बरंचसं आधीच्या बॅचच्या वहीतून उतरलेलं असतं. पण सराव पाठात सातवीतलं एखादं पोर उठून विचारतं, "सर, मग राजपूत मुघलांच्या बाजूनं का लढले?" तिथं टाचण संपतं. त्यापुढे छात्राध्यापक जे बोलतो ते त्याच्या मनात लहानपणापासून मुरलेल्या गोष्टीतून येतं. ती गोष्ट आपल्याला कागदावर हवी आहे.

पद्धती शिकवणारे प्राध्यापक आणि एम.एड. किंवा पीएच.डी.ला हा विषय घेऊ पाहणारे यांच्यासाठी हे लिहितो आहे. स्वतःची गोष्ट तपासायची तयारी असलेल्या छात्राध्यापकालाही ते चालेल.

पहिला कागद

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये जोसलिन लेतूर्नो या इतिहासकारानं विद्यार्थ्यांना एक साधी सूचना दिली होती: क्यूबेकचा इतिहास तुम्हाला जसा ठाऊक आहे, जसा आठवतो, तसा सुरुवातीपासून सांगा. हाती आलेल्या बऱ्याच लिखाणांत एकच सूर होता. फ्रेंच भाषक समाज सुखात होता, इंग्रज आले, आणि तेव्हापासून आपलं काहीतरी अपुरं राहून गेलं. तोवर शाळेतली पुस्तकं बदलली होती. गोष्ट बदलली नव्हती.

सूचनेची ही घडण आपल्याला जशीच्या तशी उचलता येते. फळ्यावर एवढंच लिहा: "महाराष्ट्राचा इतिहास, तुम्हाला ठाऊक आहे तसा, सुरुवातीपासून आजपर्यंत सांगा." सुरुवात म्हणजे कुठून, हे कुणीतरी विचारणारच. सांगू नका. सुरुवात कुठून धरायची हा ज्याचा त्याचा निर्णय, आणि तोच आपल्याला बघायचा आहे. 'निबंध' हा शब्द वापरू नका. तो ऐकला की प्रस्तावना, सुभाषित आणि 'थोडक्यात असे म्हणता येईल' आपोआप येतं. वेळ एका तासिकेचा पुरे. मोबाईल बाहेर. अंतर्गत गुणांशी याचा संबंध नाही हे आधी सांगा, आणि ते खरंच पाळा. नावाऐवजी प्रत्येकानं स्वतःला आठवेल अशी खूण कोपऱ्यात करावी. आडनाव वाचून मग मजकूर वाचला, की आपलंच वाचन आडनावाकडे झुकतं. हे कुणी कबूल करत नाही, पण होतं.

दुसरा कागद, दुसऱ्या दिवशी

हा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते अर्धा अभ्यास इथंच आहे. सूचना अशी: "तुमच्या जन्माआधी घडलेली, तुमच्या घरात किंवा गावात सांगितली जाणारी एक घटना लिहा. ती कुणाकडून ऐकली तेही लिहा." एकाच दिवशी दोन्ही लिहून घेतलं तर पहिल्याची पुस्तकी भाषा दुसऱ्यात शिरते, म्हणून मधे निदान एक रात्र जाऊ द्या. पुष्कळ जण मधल्या वेळात घरी फोन करतात. चांगलंच आहे.

मराठवाड्यातल्या मुलाकडून रझाकारी येईल, कोकणातल्या मुलीकडून गिरणी संपात मुंबईहून परत आलेले काका येतील, लातूर-धाराशिवकडून किल्लारीचा भूकंप, पाटणकडून कोयनेच्या धरणात गेलेलं गाव, कुठूनही बहात्तरचा दुष्काळ. बेळगावचा कुणी असेल तर तो सीमाभागाबद्दल लिहील, गोव्याचा १९६१ च्या डिसेंबरबद्दल.

पहिलं वाचन: सुरुवात, शेवट आणि उड्या

आधी चुका शोधायचा मोह आवरा. सनावळ्या चुकलेल्या असतातच. पानिपतचं १७६१ आणि पेशवाईच्या अखेरचं १८१८ यांची अदलाबदल झाली म्हणून भूतकाळाची समज कळत नाही. लाल पेन बाजूला ठेवून प्रत्येक कागदावर तीन गोष्टींची नोंद करा: गोष्ट कुठं सुरू होते, कुठं संपते, मधे किती शतकांच्या उड्या आहेत.

सुरुवात सातवाहनांपासून, देवगिरीच्या यादवांपासून, ज्ञानेश्वरांपासून किंवा थेट १६३० पासून होऊ शकते. यातली शेवटची फार आढळली तर नवल नको. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चौथीच्या वर्गात वर्षभर शिवचरित्र शिकवलं जातं, आणि इतिहास नावाच्या विषयाशी कित्येकांची खरी ओळख तिथंच होते. नवव्या वर्षी मनात बसलेली ती गोष्ट पुढच्या सगळ्या इयत्तांना पुरून उरते. बहामनी राजवट १३४७ ला सुरू झाली, तिच्यातून निजामशाही-आदिलशाही फुटल्या, ही जवळजवळ तीनशे वर्षं किती ओळींत उरकली आहेत ते मोजा. बरेचदा एका वाक्यात: 'त्या काळी रयत त्रस्त होती.' शहाजीराजे ज्या व्यवस्थेत वावरले, वाढले, ती व्यवस्था कशी चालायची याचा पत्ता नसतो.

शेवटही बोलका असतो. १ मे १९६० ला मंगल कलश आला की पुष्कळांचा इतिहास थांबतो. त्यानंतर जे झालं ते 'राजकारण' किंवा 'चालू घडामोडी'. १९७२ चा दुष्काळ, १९८२ चा गिरणी संप, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा १९७८ ते १९९४ हा लांबलेला लढा, हे सारं इतिहासात धरायचं की नाही, याबद्दल लिहिणाऱ्याची काय समजूत आहे ते या थांब्यावरून कळतं. विदर्भातला कुणी गोंड राजांपासून किंवा नागपूरकर भोसल्यांपासून सुरुवात करतो का? केली तर थांबून वाचा. त्यानं पुस्तकाबाहेरचं काहीतरी आणलंय.

दुसरं वाचन: कर्ता, क्रियापद, आदर

आता व्याकरण. हे वाचन सगळ्यात जास्त देतं, आणि मराठीत तर फारच. पुढची वाक्यं मी नमुन्यादाखल रचलेली आहेत, पण अशी तुम्हाला भेटतील.

'आपण पानिपत हरलो.' या 'आपण'मध्ये कोण कोण आहे? वाचणाराही त्यात धरलेला आहे. नांदेडच्या किंवा मालेगावच्या वर्गात हे वाक्य उच्चारलं तर कोण आत राहील, कोण बाहेर पडेल, हे लिहिणाऱ्याच्या मनातही आलेलं नसतं. प्रत्येक 'आपण', 'आपला', 'आम्ही' खाली रेघ मारा आणि तो कोणत्या शतकात पहिल्यांदा येतो ते बघा. काहींचा 'आपण' सतराव्या शतकात येतो. काहींचा २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्यावर. काहींच्या पानात शेवटपर्यंत येतच नाही.

'मुघल आले, त्यांनी आक्रमण केले. मराठ्यांनी बंगालपर्यंत मोहिमा काढल्या.' सैन्य परमुलखात शिरणं दोन्हीकडे सारखंच, क्रियापदं वेगळी. नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाच्या बंगालमधल्या स्वाऱ्या १७४१ पासून दशकभर चालल्या, आणि बंगालीत मुलांना निजवायच्या गाण्यात आजही 'बर्गी', म्हणजे हेच मराठे घोडेस्वार, येतात. कोलकात्याचा छात्राध्यापक हेच वाक्य कसं लिहील, हा प्रश्न पुढे चर्चेसाठी राखून ठेवा.

'झाले, बुडाली, सुटली, पसरला' ही तिसरी जात. 'पेशवाई बुडाली', 'अस्पृश्यता नष्ट झाली', 'संयुक्त महाराष्ट्र झाला'. करणारा कुठंच नाही. अशी वाक्यं पानभर असली, तर लिहिणाऱ्याला इतिहास हा घडत जाणारा प्रकार वाटतो. कुणीतरी निर्णय घेतला, कुणीतरी विरोध केला, वेगळंही घडू शकलं असतं, हे त्याच्या चित्रात नाही. कारणमीमांसेचे वीस गुण मिळवलेला विद्यार्थीही असं लिहितो.

आणि आदरार्थी बहुवचन. सदाशिवरावभाऊ 'लढले', त्यांच्याच तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदी मात्र 'लढला'. एकाच रणात, एकाच बाजूला. हा फरक लिहिणाऱ्यानं ठरवून केलेला नसतो, म्हणूनच तो महत्त्वाचा. मात्र घाईनं निष्कर्ष काढू नका: आपल्याकडे प्रेमानंही एकवचन येतं, विठोबाला येतं, आईला येतं, 'शिवबा'लाही येतं.

तिसरं वाचन: गोष्टीचा साचा

जेम्स वर्च या अमेरिकन अभ्यासकानं रशियन लोकांच्या इतिहासकथनांत एक साचा दाखवला: आपण शांततेत होतो, परका शत्रू चालून आला, अपार हाल झाले, शेवटी एकट्यानं झुंजून आपण त्याला हुसकलं. शत्रूचं नाव बदलतं, नेपोलियन असो वा हिटलर, साचा तोच.

आपले साचे कोणते? एक सगळ्यांच्या ओळखीचा: सुबत्ता, परचक्र, उद्धारक, फितुरी, पडझड, पुन्हा जागृती. यात फितुरीला एवढं काम पडतं की अर्थकारण, दुष्काळ, तोफखाना, कर्ज यांना जागाच उरत नाही. दुसरा साचा: हजारो वर्षांची गुलामी, फुले-शाहू-आंबेडकर, जागृती, हक्क. तिसरा मराठवाड्यात आणि विदर्भात दिसतो: आमचा वेगळा इतिहास होता, आम्ही मोठ्या राज्यात आलो, आणि मग मागे पडलो.

यातला पहिला साचा 'भाबडा' आणि दुसरा 'चिकित्सक' असं आपणच ठरवून टाकायचा धोका मोठा आहे. दुसराही साचाच आहे. त्यात बसत नाही ते गळतंच: फुल्यांचे ब्राह्मण सहकारी गळतात, सत्यशोधकांमधले मतभेद गळतात. साचा असणं हा दोष नव्हे, त्याशिवाय गोष्ट सांगता येत नाही. तो दिसत नसणं ही अडचण.

जर्मन अभ्यासक यॉर्न र्यूसेन यांनी भूतकाळाकडे बघण्याच्या चार रीती सांगितल्या आहेत. त्या गडांच्या उदाहरणावर चटकन कळतात. 'गड ही आपली परंपरा, ती जपलीच पाहिजे' ही पहिली, परंपरेची. 'गड बांधणाऱ्यांची दूरदृष्टी आज आपण शिकावी' ही दुसरी, दाखल्याची. मराठी भाषणांत हिचंच राज्य असतं. 'दगड वाहणारे हात कुणाचे होते, त्यांची नावं कुठं आहेत?' ही तिसरी, चिकित्सेची. चौथीत बदल हाच विषय असतो: गड एका काळी राज्याचा कणा होता, १८१८ नंतर इंग्रजांनी कित्येक गडांच्या वाटा आणि तटबंद्या तोडल्या, पुढे तिथं गुरं चरली, नंतर गिर्यारोहक आले, आणि २०२५ मध्ये जिंजीसह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, गड तोच, त्याचा अर्थ दर वेळी निराळा.

कागदांवर या रीतींचे शिक्के मारत बसू नका. एकाच पानात तीन रीती सापडतात. कोणत्या प्रसंगाशी लिहिणारा रीत बदलतो ते टिपा. समजा, एखादी मुलगी शिवकालाबद्दल दाखल्याच्या भाषेत लिहिते आणि १८४८ ची मुलींची शाळा आली की एकदम प्रश्न विचारू लागते. तिच्याशी बोलायची जागा तिथं आहे.

दोन्ही कागद शेजारी ठेवा

आता खरी गंमत. पहिल्या कागदावर दुष्काळ असा येतो: '१९७२ साली भीषण दुष्काळ पडला. शासनाने रोजगार हमी योजना राबविली.' दुसऱ्या कागदावर साधारण असा: 'आजी खडी फोडायला जायची. मजुरी किती होती ते तिला नक्की आठवत नाही. मिलो ज्वारीच्या भाकरीनं पोट दुखायचं असं ती म्हणते, आजोबा म्हणतात मिळत होतं तेच खूप. कामावर पोरांना सुकडी द्यायचे, त्यासाठी आई लहानपणी मुद्दाम सोबत जायची म्हणे.'

एकाच हातची दोन लिखाणं. दुसऱ्यात साक्षीदार आहे, त्याच्या आठवणीची मर्यादा सांगितली आहे, परस्परविरोधी दोन साक्षी आहेत, 'म्हणे' आहे, आणि आईनं मुद्दाम काहीतरी केलं हेही आहे. इतिहासाच्या पद्धतीचं जे जे आपण सत्रभर शिकवणार असतो ते या छात्राध्यापकाला येतंच. फक्त ते घरच्या गोष्टीपुरतं लागू आहे, राज्याचा किंवा देशाचा इतिहास आला की ते वापरायचं नसतं, अशी त्याची समजूत झालेली आहे. समज कमी नाही, ती चुकीच्या खोलीत कोंडलेली आहे.

म्हणून शिकवताना बाहेरून नवं काही लादायची गरज नाही. त्याच्याच दुसऱ्या कागदाचे प्रश्न पहिल्याला विचारायचे. हे कुणी सांगितलं? त्याला कसं कळलं? तिथं हजर असलेलं दुसरं कुणी काय म्हणतं? 'म्हणे' कुठं लावायला हवं होतं?

यावर उलटा अर्थही काढू नये. घरची गोष्ट म्हणून ती खरीच, असं नाही. १९४८ ची हैदराबाद संस्थानातली आठवण घ्या. एका घरात रझाकारांच्या भीतीनं रानात काढलेल्या रात्री सांगतात. दुसऱ्या घरात १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर जे गुदरलं ते सांगतात, तेही बहुधा दबक्या आवाजात. दोन्ही आठवणी आपापल्या जागी खऱ्या, आणि दोन्ही अपुऱ्या. एकाच वर्गात त्या शेजारी बसलेल्या असू शकतात.

चर्चा घेताना

कुणाचाही कागद मोठ्यानं वाचू नका, परवानगी असली तरी पहिल्या फेरीत नको. तीनचार कागदांवरून तुम्हीच एक मिश्र परिच्छेद रचा आणि तो फळ्यावर लिहा. 'हे चूक आहे का?' असं विचारलंत की वर्ग गप्प होतो किंवा भांडतो. 'हे वाक्य कोणाला वाचताना अडखळायला होईल?' असं विचारा.

तापलेला विषय टाळून चालत नाही, पण सुरुवात त्यानं करू नये. भीमा-कोरेगाव घ्या. १ जानेवारी १८१८ ची लढाई पेशव्यांच्या सत्तेच्या अखेरच्या पर्वातली. कंपनीच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येनं होते, स्तंभावर त्यांची नावं आहेत, आणि १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथं गेले. 'आपण' या एका शब्दाचे दोन पूर्ण वेगळे इतिहास या एका जागी उभे राहतात. वर्ग एकमेकांना ओळखू लागल्यावर, दुसऱ्या सत्रात, हे उदाहरण फार काही शिकवतं. पहिल्या आठवड्यात ते नुसता गट पाडतं.

साधन हातात, मग फेरलेखन

नुसत्या चर्चेनं गोष्ट हलत नाही, साधन लागतं. शिवाजी महाराजांवरची तीन लिखाणं छोट्या उताऱ्यांत द्या: राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली सभासदाची बखर, जोतीराव फुल्यांचा १८६९ चा पवाडा, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये मांडलेलं मराठी सत्तेच्या उदयाचं विवेचन. सभासद दरबारचा माणूस. फुल्यांसाठी महाराज कुळवाडीभूषण, म्हणजे शेतकऱ्यांचं भूषण. रानड्यांना त्यामागे संतांनी तयार केलेली भूमी दिसते. कोण लिहितो, कधी, कुणासाठी, हे तीन प्रश्न पुरेत. दहावीच्या इतिहासाचे पहिले दोन पाठ इतिहासलेखनाच्या परंपरांवरच आहेत, आणि सराव पाठाला ते कुणी मागून घेत नाही! तेच द्या.

मग पहिल्या कागदातला एकच परिच्छेद पुन्हा लिहायला सांगा. सगळं पान नको. ज्या परिच्छेदात सगळ्यात जास्त 'झाले' असेल तो.

वर्गात काय उतरतं ते बघा

आंतरवासितेत, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावकाळात, पाठाचं निरीक्षण करताना नेहमीच्या प्रपत्राशेजारी एक साधी वही ठेवा. मुलांनी अनपेक्षित प्रश्न विचारला तेव्हा छात्राध्यापकानं दिलेलं उत्तर शक्य तितकं शब्दशः उतरवा, आणि नंतर त्याच्या पहिल्या कागदाशी ताडून बघा. कागदावर सुधारलेला 'आपण' फळ्यासमोर परत येतो. येऊ द्या, तो आल्याचं छात्राध्यापकालाच कळलं तरी पुष्कळ.

संशोधनासाठी हे करणाऱ्यांनी लेखी संमती घ्यावी, गुण देणारा आणि कागद वाचणारा शक्यतो वेगळा ठेवावा, आणि काही कागद दुसऱ्या कुणाकडून स्वतंत्र वाचून घ्यावेत. दोघांचे निष्कर्ष जिथं जुळत नाहीत ते प्रबंधात लपवू नये. आणखी एक मर्यादा: तासाभरात लिहिलेलं पान म्हणजे माणसाची सगळी समज नव्हे. ते तुमच्यासाठी लिहिलेलं पान आहे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पुन्हा लिहून घ्या, पण तीच सूचना देऊ नका. तोवर तुम्हाला काय आवडतं हे त्यांना कळलेलं असतं आणि 'साधनांनुसार', 'बहुजनांच्या दृष्टीने' असे शब्द तिखटमिठासारखे भुरभुरले जातात. त्याऐवजी स्वतःच्या तालुक्याचा इतिहास लिहायला सांगा, ज्याला तयार पुस्तक नाही. त्यात पुस्तकी साचा कुठं अडतो, माहिती कुणाकडून घेतली हे सांगितलंय का, 'नक्की ठाऊक नाही' असं कुठं लिहिलंय, ते बघा. नंतर कोपऱ्यातल्या खुणेवरून तिन्ही कागद ज्याचे त्याला परत करा. त्यांच्या प्रती ठेवायच्या असतील तर आधी विचारून.